देणे आणि उत्तर देणे

जबाबदारी आणि दायित्व हे दोन शब्द मराठीत आपण बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो. पहिला अरबी-फारसीच्या वाटेने आला. जवाब म्हणजे उत्तर. ज्याला उत्तर द्यावे लागते तो जबाबदार. दुसरा संस्कृत, 'दा' म्हणजे देणे या धातूच्या कुळातला. जो काही देणे लागतो त्याचे ते दायित्व. एकात बोलावे लागते, दुसऱ्यात मोजावे लागते. व्यापारी कायद्याची मूलतत्त्वे समजून घेण्याची खटपट मी गेली काही वर्षे साहित्याचा शिक्षक या नात्याने करतो आहे. निकालपत्रे वाचताना मला पुनःपुन्हा जाणवत आले आहे, की या कायद्याचा बराचसा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतरात घडलेला आहे.

साहित्याच्या माणसाने हे का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. कादंबरी शिकवताना आपण विचारतो तेच प्रश्न येथेही आहेत : कृती कोणाची, तिचे फळ कोणाच्या वाट्याला आले, आणि कर्ता कोण हे कोणी ठरवायचे? शिवाय कायद्याने आपल्या सोयीसाठी एक काल्पनिक पात्र निर्माण केले आहे. त्या पात्राचे नाव कंपनी.

या पात्राची जन्मकथा लंडनच्या व्हाइटचॅपल भागातली आहे. अ‍ॅरन सॉलोमन हा चामड्याचे बूट तयार करणारा व्यापारी. १८९२ साली त्याने आपला चालता धंदा एका नव्या कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद हवे होते. तो स्वतः, त्याची पत्नी आणि पाच मुले असे सात झाले. एकूण २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे, उरलेल्या सहा जणांचा प्रत्येकी एक. वर त्याने कंपनीकडून तारणाची कर्जपत्रेही घेतली. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. उधारीवर माल देणाऱ्यांचे म्हणणे असे, की कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हा कर्ज त्याने फेडावे. खालच्या दोन्ही न्यायालयांना हे पटले. हाऊस ऑफ लॉर्ड्सने मात्र नोव्हेंबर १८९६ मध्ये एकमताने उलटा निर्णय दिला. रीतसर नोंदणी झाली, त्या क्षणी कंपनी ही सॉलोमनहून वेगळी व्यक्ती झाली. तिचे कर्ज तिचे, त्याचे नव्हे.

हा निकाल वाचून आपल्याला प्रथम चीड येते. पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर 'आणि मंडळी' असे असे. भागीदारीत प्रत्येक भागीदार पेढीच्या सगळ्या देण्याला बांधलेला असतो. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदाही हेच सांगतो. धंदा बुडाला तर राहते घरही जाऊ शकते. ओळखीच्या चार माणसांत हे चालते. पण आगगाडी किंवा गिरणी उभारायला हजारो अनोळखी माणसांची पुंजी लागते, आणि आपण गुंतवले तेवढेच बुडेल अशी हमी असल्याखेरीज ती मिळत नाही. म्हणून 'मर्यादित' हा शब्द आला. कंपनीच्या नावापुढे तो लावणे कायद्याने सक्तीचे केले, ते देवघेव करणाऱ्याने सावध राहावे यासाठी. आज तोच शब्द पाटीवर प्रतिष्ठेचा म्हणून मिरवतो. मराठीत तर गंमत अधिक आहे : मर्यादा म्हणजे आपल्याकडे संयम, शील. स्वतःच्या वागण्याला घालायची ती मर्यादा येथे स्वतःच्या देण्याला घातली गेली.

दुसरी कथा स्कॉटलंडच्या पेझ्ली गावची, ऑगस्ट १९२८ ची. मे डॉनह्यू नावाच्या गरीब बाईला तिच्या मैत्रिणीने उपाहारगृहात जिंजर बिअर घेऊन दिली. गडद काचेच्या बाटलीतून, तिच्या सांगण्याप्रमाणे, कुजलेली गोगलगाय बाहेर आली आणि ती आजारी पडली. पैसे मैत्रिणीने दिलेले, तेव्हा तिचा कोणाशीच करार नव्हता. आणि करार नाही तर दावा कसला? तिने थेट पेय बनवणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला. मे १९३२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी आधार घेतला तो बायबलमधल्या भल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टान्ताचा. तेथे एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? अ‍ॅटकिन यांनी तो प्रश्न कायद्यात आणला आणि उत्तर दिले : माझ्या करण्याची किंवा न करण्याची झळ ज्याला पोहोचेल हे मला आधी दिसायला हवे, तो माझा शेजारी. त्या बाटलीत गोगलगाय होती की नव्हती, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. निर्णय तत्त्वाच्या प्रश्नावर झाला आणि पुढे तडजोड झाली. तरीही त्या न दिसलेल्या गोगलगायीने जगभरच्या उत्पादकांना अनोळखी ग्राहकांशी बांधून टाकले.

म्हणजे एका निकालाने व्यक्ती निर्माण करून देणे आवळले, दुसऱ्याने शेजारी निर्माण करून ते पसरवले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये या दोन कथा समोरासमोर आल्या.

शेजारी कोण, याविषयी तेथे शंकाच नव्हती. कारखान्याच्या समोरच जयप्रकाशनगरची वस्ती होती. मिथाइल आयसोसायनेट तेथे पोहोचायला वेळ लागला नाही. माणसे हजारोंनी मेली. वाद होता तो व्यक्ती कोण याचा. कारखाना भारतीय कंपनीचा, तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकी कंपनीकडे. आणि दोघी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९८६ मध्ये दावा भारताकडे पाठवला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दोष कोणाचा, याचा निवाडा त्या दिवाणी दाव्यात झालाच नाही.

हे अधिक बोचते, कारण याच न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातील ओलियम गळतीच्या प्रकरणात, सरन्यायाधीश भगवती यांच्या लेखणीतून वेगळे सांगितले होते : घातक उद्योग चालवणाऱ्याचे दायित्व निरपवाद आहे, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही, आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीच्या प्रमाणात असावी. भोपाळच्या तडजोडीत या तत्त्वाची कसोटी लागली नाही. फौजदारी खटल्यात जून २०१० मध्ये भारतीय कंपनी आणि तिचे हयात असलेले सात अधिकारी दोषी ठरले. शिक्षा दोन वर्षांची. अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन २०१४ मध्ये वारले. खटल्याला ते कधीच उभे राहिले नाहीत. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली, आणि पीडितांचा विमा उतरवण्याचा जुना निर्देश न पाळल्याचा दोष न्यायालयाने सरकारलाही दिला.

भोपाळविषयीचे मराठी लेखन मी वर्गात वाचून घेतो, तेव्हा विद्यार्थ्यांना एक व्याकरणाचा प्रश्न विचारतो. 'वायुगळती झाली' या वाक्यातला कर्ता कोणता? उत्तर बरोबरच येते : वायुगळती. 'चूक झाली' यातही कर्ता चूकच. आपल्या भाषेने ही सोय आधीपासून करून ठेवली आहे. कंपनीचे दिलगिरीपत्र तिचा फक्त लाभ घेते. अशा वेळी वर्ग काही क्षण गप्प होतो, आणि मला वाटते, व्यापारातल्या नीतीचा पहिला धडा तेथेच असावा : वाक्यात माणूस परत आणणे. टाकीचे शीतकरण बंद होते. ते बंद ठेवण्याचा निर्णय कोणी घेतला? हा प्रश्न भरपाईच्या आकड्याने मिटत नाही, कारण तो दायित्वाचा नाहीच. तो जबाबदारीचा आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. या तरतुदीसाठी रूढ झालेला शब्द सुंदर आहे : सामाजिक उत्तरदायित्व. त्यात उत्तरही आहे आणि देणेही. व्यवहारात मात्र तो 'दायित्व निधी' असा आखूड होत चालला आहे. शाळेला संगणक मिळतात, गावाला बंधारा मिळतो, आणि ते चांगलेच आहे. गळून पडतो तो शब्दाचा पहिला अर्धा भाग. कायदा देणे वसूल करू शकतो, कधी उशिरा, कधी अपुरे. उत्तर मागत राहणे हे काम मात्र न्यायालयाबाहेरच्या माणसांचे आहे, आणि ज्यांचा व्यवसायच शब्दांचा आहे त्यांनी ते दुसऱ्यांवर सोपवू नये.