सैल पेच

माझ्या माहेरी एक नियम होता. शिवणयंत्राचा पेच खडखडू लागला की हातातले काम बाजूला ठेवून तो आधी आवळायचा. इंदूरच्या रामबागेतल्या त्या घरात आईने आम्हां पाच भावंडांचे कपडे त्याच यंत्रावर शिवले, आणि वडील दर रविवारी त्याला तेल घालीत. असा संस्कार लाभलेल्या मी स्वतःच्याच तोंडातला पेच दोन महिने सैल ठेवावा, याचे आज मलाच नवल वाटते.

तीन वर्षांपूर्वी माझी खालची दाढ काढावी लागली, तेव्हा मुलाने हौसेने तिथे इम्प्लांट बसवून दिले. त्यासाठी त्याने नवी स्कूटर घेण्याचा बेत पुढे ढकलला, हे मला सूनबाईकडून कळले. हाडात रोवलेली टायटॅनियमची खुंटी, तिच्यावर जोड, जोडावर पोर्सेलिनची टोपी, आणि खुंटी व जोड यांना धरून ठेवणारा एक इवलासा पेच, अशी ती रचना. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशा खुंट्या बसवल्या. हे ऐकून मी निश्चिंत झाले. पण एकजीव होते ती खुंटी. पेच हा अखेर पेचच.

एके सकाळी पोह्यांवरची शेव चावताना दाढ किंचित हलल्यासारखी वाटली. दुखत मात्र काहीच नव्हते. आपला नैसर्गिक दात तंतूंच्या मऊ गादीवर बसलेला असतो, भार अधिक झाला की ती गादी कळ देते. खुंटीला अशी गादीच नसते. ही माहिती मला नंतर मिळाली. तेव्हा मनात एवढेच आले की मुलाचे पैसे वाया गेले असे त्याला वाटेल. मी दुसऱ्या बाजूने चावू लागले आणि कुणाला काही बोलले नाही. गणपतीत जेवता जेवता टोपी जोडासकट हातात आली.

“काकू, हलल्याबरोबर आला असता तर दहा मिनिटांचे काम होते,” डॉक्टर म्हणाल्या. सैल पेच प्रत्येक घासाला वाकतो, थकतो आणि शेवटी तुटतो. त्याचे शेपूट आत खुंटीत अडकले होते. ते काढताना आतले आटे बिघडले, तर हाड कोरून सबंध खुंटीच काढावी लागली असती. बारीक कंप देणाऱ्या सुईने त्यांनी तो तुकडा हळूहळू उलटा फिरवला. दीड तासाने तिळाएवढा धातू बाहेर आला, तेव्हा त्यांच्याही कपाळावर घाम होता.

नवा पेच ताण मोजणाऱ्या पान्याने ३५ न्यूटन-सेंटिमीटरपर्यंत आवळला. मग दहा मिनिटे थांबून पुन्हा तेवढाच; कारण नवे आटे एकमेकांत बसले की पहिला ताण थोडा उतरतो. (वडीलही यंत्र थोडे चालवून पेच पुन्हा आवळीत.) मग रंगाच्या कागदावर चावायला लावून टोपी जरा घासली. चावताना शेजारचे दात किंचित दबतात, खुंटी दबत नाही. म्हणून तिच्यावरचा स्पर्श हलका ठेवतात.

“रात्री दात खाता का?” त्यांनी विचारले.

मला उत्तर देता येईना. शेजारच्या खाटेवरून जे सांगू शकले असते, त्यांना जाऊन चार वर्षे झाली. उत्तर माझ्याबरोबर आलेल्या नातीने दिले, “आजी रोज खाते. सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो.”

मग वरच्या दातांवर रात्री घालायची अ‍ॅक्रिलिकची कडक पट्टी मिळाली. सुपारी बंद झाली. हलली तर घरी चिकटवायचे नाही, त्या बाजूने खायचे नाही आणि लगेच यायचे, एवढी ताकीदही मिळाली.

मुलाला मी त्याच रात्री सर्व सांगितले. “दोन महिने?” एवढेच तो म्हणाला आणि बराच वेळ ताटाकडे पाहत राहिला.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरून तिच्यावरचे चरे मला दाखवले. हा सारा भार त्या पेचावर गेला असता. पुढची तपासणी पौषात आहे. मुलाने ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिली आहे.