आबांचं श्रुतलेखन

आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली, की सगळे जण टीव्हीसमोर येऊन बसतात. त्यात आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खिडकीजवळची खुर्ची ठरलेली. बत्तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. निवृत्त झाले तरी खिडकीची जागा काही सुटली नाही, असं आम्ही त्यांना चिडवतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री आमची धाकटी माझ्या कानाशी लागली. ती चौथीत आहे. म्हणाली, "आई, आबा टीव्हीकडं बघतच नाहीत. ते आपल्याकडं बघतात. आपण हसलो, की मग हसतात."

"काहीतरीच तुझं!" असं मी म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी चोरून पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. विनोद झाला, आम्ही हसलो, आबांनी आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग ते हसले. पुढच्या पंधरा दिवसांत ती खुर्ची रिकामीच राहू लागली. "तुम्ही बघा, मला झोप येतीया," असं म्हणून आबा आतल्या खोलीत जाऊन पडायचे. झोप कसली येणार? नुसते आढ्याकडं बघत पडलेले असायचे.

वर्गात मागच्या बाकावरच्या एखाद्याला फळ्यावरचं दिसत नसेल, तर ते माझ्या चार दिवसांत लक्षात येतं. आणि घरातल्या माणसाला ऐकू येत नाही, हे मात्र पोरीनं सांगावं लागलं! मला माझीच लाज वाटली.

नेमकं त्याच सुमारास आमच्याकडं होम थिएटरची चर्चा चालली होती. जुने स्पीकर खरखरू लागले होते. माझे भिशीचे आणि यांचे साठवलेले मिळून साठ हजार रुपये जमले होते. थोरला सातवीत. त्याची मागणी एकच, "स्फोट झाला, की खिडक्या थरथरल्या पाहिजेत!"

पहिल्यांदा आम्ही गावातल्याच एका दुकानात गेलो. दुकानदारानं एक भला मोठा, दिवे लुकलुकणारा संच दाखवला. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, '५००० वॅट'. थोरल्याचे डोळेच विस्फारले. मी मात्र सवयीनं खोकं उलटं करून मागची पट्टी वाचली. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'वीज वापर १२० वॅट'.

मी थोरल्याला म्हटलं, "गणित कर. १२० वॅट वीज घेणारं यंत्र ५००० वॅट आवाज कुठून देईल?"

तो विचारात पडला. तुम्हीही पडा बरं का! विहिरीतून एक घागर पाणी काढलं, तर रांजणात चाळीस घागरी ओतता येतील का? त्या मोठ्या आकड्यापुढं 'पीएमपीओ' अशी अक्षरं असतात. क्षणभरात कमाल किती जोर लागेल, याचा तो फुगवलेला अंदाज. तो कसा काढायचा, याला सर्वमान्य नियम नाही. जो तो आपल्या सोयीनं फुगवतो. यंत्र सतत किती शक्ती देऊ शकतं, हे पाहायचं असेल तर 'आरएमएस' या अक्षरांपुढचा आकडा शोधायचा. तो बहुधा लहान असतो आणि कोपऱ्यात असतो. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते असं!

बरं, खरे वॅट दुप्पट केले, तर आवाज तरी दुप्पट होतो का? तेही नाही. ५० वॅटचे १०० वॅट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला तो थोडासाच मोठा लागतो. आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे दुप्पट वॅटसाठी दुप्पट पैसे मोजले, तर कानांच्या पदरात फार थोडं पडतं.

ही माहिती मी रात्री घरात सांगत होते. आबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "हे डेशिबल कुणाच्या नावाचं?"

मी सांगितलं, "अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या. १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं, ते. बेल या एककाचा दहावा भाग म्हणजे डेसिबल." आणि मग सहज पुढंही बोलून गेले, "बेल मूळचे शिक्षक. कर्णबधिर मुलांना शिकवायचे. त्यांच्या आईला कमी ऐकू यायचं आणि पत्नीचं ऐकणं तर लहानपणीच्या तापानं गेलं होतं."

आबा काही बोलले नाहीत. पण आत न जाता खुर्चीवर येऊन बसले.

थोरल्याला वाटलं, आता आबांसाठी आवाज मोठा करावा. त्यानं रिमोट दाबून टीव्ही असा काही वाढवला, की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. आबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "आरं, वरडायला लावू नको त्याला! आवाज येतोय की. शब्द येत न्हाईत."

आवाज येतो, शब्द येत नाहीत! हे काय कोडं?

कोडं बाराखडीतच आहे. 'आ, ई, ऊ' हे स्वर भरदार आणि खालच्या पट्टीतले. ते लांबूनही ऐकू येतात. पण 'स, श, फ, त, क' अशा व्यंजनांमधला सूक्ष्म आवाज वरच्या पट्टीतला आणि नाजूक असतो. वय वाढलं, की कान आधी ही वरची पट्टी गमावतात. मग 'सात', 'हात', 'पात' सगळे सारखेच वाटतात. कानाच्या आत केसांसारखे तंतू असलेल्या हजारो बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या, की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हातारपणाप्रमाणं गोंगाटानंही त्या मरतात. आबांनी बत्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून काढली होती. लाल डब्याची घरघर त्यांनी आमच्यासाठी ऐकली होती, असंच म्हणायचं.

आता आमच्या खरेदीचा प्रश्नच बदलला. खिडक्या किती थरथरतात, हे बाजूला पडलं. आबांना शब्द कसे ऐकू येतील, हे पुढं आलं.

इथं रिसीव्हर म्हणजे काय, ते सांगते. तो होम थिएटरचा जणू वर्गशिक्षक. टीव्हीकडून आलेला आवाज तो घेतो, त्याच्या वाटण्या करतो, त्याला जोर देतो आणि ज्याचा त्याला पाठवतो. '५.१' असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. त्यातले पाच म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा आणि उजवा, दोघांच्या मध्ये एक, आणि बसणाऱ्यांच्या बाजूला किंवा मागे दोन. पुढचा 'पॉइंट एक' म्हणजे फक्त खालच्या पट्टीतली धडधड काढणारा सबवूफर.

यातला मधला स्पीकर दिसायला सगळ्यांत गरीब. टीव्हीखाली आडवा पडलेला. पण सिनेमातली बहुतेक बोलणी त्याच्याच वाट्याला येतात! संगीत आणि गडगडाट इतरांकडं, शब्द याच्याकडं. आणि रिसीव्हरमध्ये सोय असते, की बाकीच्यांचा आवाज तसाच ठेवून या एकट्याचा वाढवायचा. साध्या मालिकांचा आवाज बहुधा डावा-उजवा असा दोनच वाटांनी येतो. तेव्हा दोन्हीकडं सारखं असलेलं बोलणं ओळखून रिसीव्हर ते मध्ये पाठवू शकतो.

आम्ही ठरवलं : पैसे रिसीव्हर, समोरची जोडी आणि मधला स्पीकर यांवर घालायचे. मागचे दोन आणि सबवूफर पुढं कधीतरी, पुढच्या भिशीला. थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. पण तो म्हणाला, "चालेल. आबांसाठी चालेल."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कराडहून पुण्याला निघालो. एसटीनंच. आबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि वाटभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानंच दुकानं. तिथल्या एका दुकानात आम्ही शिरलो.

धाकटीनं आपल्या आवाजात मोबाइलवर शब्द रेकॉर्ड करून आणले होते. दहा-दहा शब्दांच्या तीन याद्या. सगळे जवळजवळच्या उच्चारांचे : साप, चाप, ताप, काठ, पाठ, ताट... याद्या तीन का? तर एकच यादी परत लावली, तर आबांना पाठ झाली असती आणि परीक्षा खोटी ठरली असती. तिनं आबांच्या हातात वही-पेन्सिल दिली आणि बजावलं, "आबा, श्रुतलेखन! इकडं तिकडं बघायचं नाही."

दुकानदार आधी हसला. मग त्यालाही मजा वाटू लागली. मी त्याला एकच विनंती केली, की प्रत्येक वेळी आवाजाची पातळी तेवढीच ठेवा. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त छान वाटतो. त्यात भलताच स्पीकर बाजी मारून जातो.

पहिली जोडी उंच, चकचकीत. धडधड जोरदार. आबांना दहापैकी चार. खालच्या पट्टीच्या घुमण्यात नाजूक व्यंजनं बुडून जात होती. दुसऱ्या जोडीला पाच. मग तिसरा संच : समोर दोन साधे, लहान, काळे स्पीकर आणि त्यांच्याबरोबर तो मधला आडवा. शब्द संपले. आबांनी वही पुढं केली. धाकटीनं लाल पेनानं तपासलं. सात! खाली शेराही मारला, 'अक्षर सुधारा'.

सगळं मिळून साठ हजारांच्या आत बसलं. निघताना एक गोष्ट पाहिली. स्पीकरच्या मागं ओहम लिहिलेले असतात, बहुधा ६ किंवा ८. रिसीव्हरच्या मागं तो कमीत कमी किती ओहमचे स्पीकर चालवू शकतो, ते लिहिलेलं असतं. दोन्ही जुळतात ना, एवढं बघायचं. न जुळणारी जोडी लावली, तर रिसीव्हर तापतो.

घरी आल्यावर थोरल्यानं जोडणी केली. मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि गाणं लागलं. पण आवाज कसा पोकळ, पाण्याखालून आल्यासारखा! त्याचा चेहरा पडला. मग आबाच म्हणाले, "वायरी बघ. ब्याटरीचं उलटसुलट झालं की गाडीबी अशीच रुसती." आणि खरंच, डाव्या स्पीकरची लाल तार काळ्या खुंटीला लागली होती. त्यामुळं एका स्पीकरचा पडदा पुढं येई तेव्हा दुसऱ्याचा मागं जाई आणि दोघं एकमेकांचाच आवाज मारत होते. तार बदलली आणि आवाज भरला.

एक अडचण राहिलीच होती. आमच्या खोलीत फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या. मध्ये उभं राहून टाळी वाजवली, की टण्ण असा प्रतिध्वनी यायचा. त्यानं शब्दांच्या कडा पुसल्या जातात. यावर महागडे फलक मिळतात म्हणे. आम्ही खाली सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला आणि मागच्या भिंतीवर सासूबाईंच्या हातची जुनी गोधडी टांगली. टाळीचा टणत्कार गेला. मधल्या स्पीकरचा आवाज तीन डेसिबलनं वाढवला.

त्या रात्री आबा खुर्चीवर बसले. एक जुनं विनोदी नाटक लावलं होतं. मी मुद्दाम टीव्हीकडं बघत नव्हते, आबांकडं बघत होते. एक संवाद आला. आणि आबा हसले. आम्ही हसायच्या आधी! धाकटीनं माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली.

नाटक संपलं. आबा जरा वेळ गप्प होते. मग धाकटीला म्हणाले, "दहातले सातच आले न्हवं मला? ऱ्हायलेले तीन कुठं मिळत्यात?"

ती माझ्याकडं बघू लागली. आम्ही कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं, की आबा उसळायचे, "मी काय भैरा झालोय?" आज ते स्वतःच विचारत होते.

मी म्हटलं, "आबा, ते दुकानात मिळत नाहीत. डॉक्टरांकडं मिळाले तर मिळतील."

"मग जाऊ की सोमवारी," आबा म्हणाले.

आता त्यांच्या कानामागं एक छोटंसं यंत्र आहे. आधी ते डबीतच जास्त असायचं, हळूहळू सवय होते आहे. आम्हीही एक सवय लावून घेतली आहे : आबांशी स्वयंपाकघरातून ओरडून बोलायचं नाही. समोर यायचं, तोंड दिसेल असं उभं राहायचं आणि सावकाश बोलायचं. याला साठ हजार काय, एक रुपयाही लागत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी खुर्ची रिकामी राहू लागली असेल. कुणी आजी-आजोबा तुमच्या तोंडाकडं बघून हसत असतील. एकदा त्यांचं दहा शब्दांचं श्रुतलेखन घेऊन बघा. मार्क कमी पडले, तर रागावू मात्र नका हं! आणि तुमचे इअरफोन जरा हळू आवाजात लावा. सत्तराव्या वर्षी तुमच्या नातवंडांनी तुमची वही तपासली, तर त्यात दहापैकी दहा असायला हवेत.