बेरजेतला पहिला

गेल्या डिसेंबरात क्रीडा महोत्सवातील वैयक्तिक विजेतेपदाचा करंडक घेऊन मी गावी गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईने करंडक चिंचेने घासून देवळीत ठेवला. आबांनी तो उलटा करून बुडाकडून पाहिला आणि विचारले, "कितीदा पयला आलास?"

"एकदाही नाही."

"मग ह्यो दिला कशापायी?"

मी हिशेब सांगितला. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. आठशे, पंधराशे, पाच हजार मीटर आणि लांब उडी, चारही ठिकाणी मी दुसरा. म्हणजे बारा. माझा खोलीतला सोबती शंभर आणि दोनशे मीटरमध्ये पहिला, त्याचे दहा. आबा बैलगाड्यांच्या शर्यतींना हौसेने जाणारे; तिथे पहिल्या गाडीवर गुलाल पडतो, दुसऱ्या गाडीचे नाव संध्याकाळी कुणाला आठवत नाही. ते काही बोलले नाहीत. वैरण टाकायला उठून गेले.

आता मोटारींच्या शर्यतीकडे वळतो. आमच्या वसतिगृहात मोबाईलवर फॉर्म्युला वन बघणारी चार-पाच मुले आहेत. मला त्यातल्या वेगापेक्षा बेरजेचे वेड लागले, आणि मी जुन्या निकालांचे तक्ते वहीत उतरवू लागलो. तिथे एक शर्यत जिंकून कुणी जगज्जेता होत नाही. वर्षभराच्या शर्यतींचे गुण मिळवायचे, आणि ते कसे मिळवायचे हे नियम ठरवणार. हे नियमही वरचेवर बदलत आले. आज पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८ मिळतात. १९८८ साली ९ आणि ६ मिळत. त्या वर्षी सोळा शर्यतींपैकी उत्तम अकराच धरायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. अ‍ॅलन प्रॉस्टने सात शर्यती जिंकल्या आणि सातमध्ये तो दुसरा आला. एकूण १०५ गुण! आयर्टन सेनाचे ९४. पण अकराच मोजल्यावर प्रॉस्टचे तीन दुसरे क्रमांक गळाले आणि तो ८७ वर आला. आठ विजयांचा सेना ९० वर राहिला आणि जगज्जेता ठरला. दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये माझा एक विषय असाच गळाला होता. तेव्हा मला आनंद झाला होता, ही गोष्ट वेगळी.

प्रॉस्टचे नशीबच असे. १९८४ साली पाच शर्यती जिंकणाऱ्या निकी लाउडाला ७२ गुण, आणि सात जिंकणाऱ्या प्रॉस्टला साडेएकाहत्तर. मोनॅकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबली, म्हणून सर्वांना निम्मे गुण दिले गेले. प्रॉस्ट तिथे पहिला होता. नवाऐवजी साडेचार मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा जरी आला असता, तरी सहा मिळाले असते!

पण माझी झोप उडवली ती १९५८ सालाने. त्या वर्षी स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एकच. पहिल्याला आठ, दुसऱ्याला सहा, शिवाय सर्वांत वेगवान फेरीला एक, आणि उत्तम सहाच निकाल धरायचे. अखेर हॉथॉर्न ४२, मॉस ४१. एका गुणाने हॉथॉर्न जगज्जेता! हॉथॉर्न म्हणजे मीच, असे वाटून प्रथम बरे वाटले. मग पोर्तुगालची हकिकत वाचली. पोर्तो शहरातल्या त्या शर्यतीत मॉस पहिला आला, हॉथॉर्न दुसरा. शेवटी हॉथॉर्नची गाडी गरकन फिरून बंद पडली होती, आणि ती त्याने उतारावर, रहदारीच्या उलट दिशेने ढकलून सुरू केली. पंच त्याला बाद करणार होते. मॉस त्याच्या बाजूने साक्ष द्यायला गेला: हॉथॉर्न शर्यतीच्या रस्त्यावर नव्हता, पदपथावर होता. हॉथॉर्नचे सात गुण वाचले. मी वहीत पुन्हा बेरीज केली. ते सात गेले असते तर त्यांच्या जागी चाराचा निकाल धरावा लागून ३९ झाले असते. मॉस जगज्जेता! तो पुढे कधीच जगज्जेता झाला नाही.

आता आमच्या मैदानावरची लांब उडी. माझ्या सोबत्याची शेवटची उडी सर्वांत लांब पडली. पंचांनी लाल निशाण दाखवले. पाय फळीपुढे पडला म्हणे. त्याच्या आधीच्या दोन्ही उड्याही बाद होत्या. पुढचा नंबर माझा, म्हणून मी फळीपासून दोन हातांवर उभा होतो. पाय फळीवरच होता. बूट उचलला तेव्हा पुढच्या मातीवर ठसा नव्हता, हे मी पाहिले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू बघितलंस ना रे?" मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

ती उडी धरली असती तर त्याचे पंधरा झाले असते, आणि मी तिसरा येऊन दहावर राहिलो असतो.

त्याने पुढे तो विषय काढला नाही. करंडक मिळाला त्या रात्री चहाचे पैसेही त्यानेच दिले. वार्षिकांक हाती आला की तो आधी क्रीडा विभागाचे फोटो काढून बघतो. तिथे मी करंडक घेऊन उभा आहे आणि तो मागच्या रांगेत आहे. फोटो बघून झाल्यावर तो पाने उलटत इथवर येईल.