पोटात सुटलेला गोळा : काही टिपणं

मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या अंगाला चरबीचे लहान लहान लोलक लटकत असतात. माणशी साधारण ५० ते १००. सर्वांत जास्त गर्दी डावीकडच्या शेवटच्या वळणावर, म्हणजे सिग्मॉइडवर. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसने १५४३ मध्येच त्यांची नोंद केली होती. पोटाच्या पोकळीत मोकळे फिरणारे गोळे सापडतात, त्यांतल्या बहुतेकांचा उगम या लोलकांत असतो.

*

लोलकाचा देठ अरुंद. त्याला पीळ पडला की रक्त अडतं. डाव्या ओटीपोटात एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी कळ येते. ताप बहुधा नसतो. उजवीकडे झालं तर अपेंडिक्सचा संशय येतो. एक-दोन आठवड्यांत कळ ओसरते आणि माणूस ती विसरूनही जातो. काहींना तेवढंही जाणवत नाही. आत मात्र मेलेल्या चरबीत कॅल्शियम साचू लागतं, देठ झिजतो आणि कधीतरी तुटतो.

*

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढची. या तुटलेल्या तुकड्याला ना धमनी, ना शीर. तरी तो वाढतो. पोटातली इंद्रियं एकमेकांवर घसरावीत म्हणून उदरावरणातून थोडासा द्रव पाझरत असतो. त्यातली प्रथिनं तुकड्यावर थरावर थर बसत जातात. वर्षानुवर्षं. आतड्यांच्या हालचालीने तो लोळत राहतो, म्हणून सगळीकडून गुळगुळीत होतो. बाहेर काढून कापला तर थेट उकडलेलं अंडं : बाहेर पांढरं, चकचकीत, घट्ट, मध्यभागी पिवळट, खडूसारखं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जवळपास नसतातच. त्यामुळे सुई घालून केलेल्या तपासणीतून फारसं काही हाती लागत नाही.

*

बहुतेक गोळे अर्धा ते अडीच सेंटिमीटरचे. दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडल्यावर किंवा शवविच्छेदनात सापडतात. ५ सेंटिमीटरच्या पुढचे ‘महाकाय’. ते फारच विरळ, आणि बरेचसे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषांत. ९-१० सेंटिमीटरचेही नोंदले गेले आहेत.

*

गोळा जड असल्याने बहुधा ओटीपोटाच्या तळाशी, मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये जाऊन बसतो. मग वारंवार लघवीला लागणं, लघवी अडणं, मलावरोध. क्वचित आतड्यालाच अडथळा. साठीतल्या पुरुषाची लघवीची तक्रार म्हटलं की सगळ्यांचं बोट प्रोस्टेटकडे जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

*

निदान. सीटीवर गोल, रेखीव कडेचा गोळा, मध्यभागी कॅल्शियम, भोवती चरबीची मोकळी किनार, आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावरही त्याचं उजळ न होणं. एमआरआयवर तो गडद दिसतो. पण ही सगळी लक्षणं एकत्र केली तरी एका पुराव्याची सर त्यांना येत नाही : गोळा जागा बदलतो. मागच्या सीटीत उजवीकडे होता, आज डावीकडे आहे. जुना सीटी नसेल तर रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते व्हायला हवं तितकं होत नाही याची मला मनापासून खंत वाटते. जुन्या फिल्मा जपून ठेवा, असं मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

*

आपल्याकडे एक सावधगिरी हवी. जुन्या क्षयरोगाने आतड्याच्या पडद्यातल्या लसिकाग्रंथींत कॅल्शियम साचतं, आणि पडदाच हलता असल्याने त्याही थोड्या सरकतात. थोड्याच, या टोकाहून त्या टोकाला जात नाहीत. गर्भाशयाचा फायब्रॉइड, अंडाशयातली कॅल्शियम असलेली गाठ, आधीच्या शस्त्रक्रियेत राहिलेला मॉप (कापडी बोळा), गर्भाशय भेदून बाहेर आलेली तांबी : ही यादी डोक्यात घोळवल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नये. दुर्बिणीने पित्ताशय काढताना सांडलेले खडे तर वेगळंच प्रकरण. तेही पोकळीत सुटलेलेच, पण त्यांच्याभोवती महिन्यांनी, वर्षांनी पू धरू शकतो.

*

“काका, ही गाठ कुठंच चिकटलेली नाही, वाढली तरी पसरणारी नाही.” असं काहीतरी निदान झालं की त्याच भेटीत, समोर बसून सांगायला हवं. रिपोर्टमधलं ‘मास’ वाचून घरच्यांनी तोवर कॅन्सरचं इस्पितळ शोधायला घेतलेलं असतं.

*

त्रास नसेल आणि निदान पक्कं असेल तर काढू नये. लघवी, शौच, दुखणं यांची तक्रार असेल, गोळा फार मोठा असेल किंवा कॅन्सरची शंका फिटत नसेल, तर दुर्बिणीतून काढावा. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलाचं डोक्याकडचं टोक खाली करतात. त्याबरोबर गोळाही वर, यकृताकडे घरंगळू शकतो. सीटीत दिसला तिथे सापडला नाही तर टेबल उलटं कलवून पाहावं. गुळगुळीत असल्याने तो चिमट्यातून निसटतो. आधी पिशवीत घ्यावा. कठीण असल्याने त्याचे तुकडे करत बसण्यापेक्षा एक छेद थोडा वाढवून अख्खा बाहेर काढणं बरं. मग पॅथॉलॉजीकडे पाठवायचाच, ओळख कितीही पक्की वाटली तरी.

*

न काढलेल्या गोळ्याचं माप, तो दिसला ती जागा आणि त्या वेळी रुग्ण उताणा होता की पालथा, हे तिन्ही रिपोर्टमध्ये लिहावं. पुढच्या सीटीला तुलना त्याच्याशीच करायची असते.