घरातली शाळा सुटते तेव्हा

शेवटचा पेपर देऊन आलेलं मूल दप्तर कोपऱ्यात भिरकावतं आणि त्या घरातलं वर्ष संपतं. ज्यांच्या घरी दप्तरच नाही, त्यांचं वर्ष संपायचं कधी? आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठची. मार्च उलटतो तेव्हा त्याचे अपूर्णांक अर्ध्यावर आलेले असतात, तिला कन्नड जोडाक्षरं नुकती जमू लागलेली असतात आणि खाली सोसायटीत सुट्टीचा गलका सुरू होतो.

बंगळूरमध्ये तो गलकाही सगळीकडे एकदम होत नाही. राज्य मंडळाच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि मे संपता संपता उघडतात. काही सीबीएसई शाळांचं नवं वर्ष तोवर सुरूही झालेलं असतं. नव्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली की त्या सुटतात. पुण्याची भावंडं मे उजाडेपर्यंत अडकलेली, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत मोकळी. हवामानाचाही आधार नाही. समुद्रसपाटीपासून 900 मीटरवरच्या या शहरात खरा ताप मार्च-एप्रिलचा. एप्रिल 2016 मध्ये तर पारा 39.2 अंशांवर गेला होता. मराठी मनाला जो अस्सल उन्हाळा वाटतो त्या मे महिन्यात इथे दुपारनंतर ढग दाटतात आणि वळीव कोसळतो.

म्हणून आम्ही झाडांवर हवाला ठेवला. 1908 मध्ये लालबागेत आलेल्या गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञानं या शहरात एक कल्पना रुजवली: एका झाडाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी लागवड करायची. फेब्रुवारीत गुलाबी टॅबेबुया, मार्चमध्ये जांभळा जॅकरँडा, होंगेची म्हणजे आपल्या करंजाची पोपटी पालवी, आणि एप्रिल सरताना गुलमोहर. गुलमोहर फुलला की वह्या मिटायच्या, असं ठरलं. पण आमच्या गल्लीतला गुलमोहर पेटतो तेव्हा पलीकडच्या रस्त्यावरचा अजून विचारच करत असतो, आणि मुलं अर्थातच पहिल्याचा दाखला देतात.

शेवटी एक तारीख मिळाली, तीही आकाशातली. 24 एप्रिलच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बंगळूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. 2023 मध्ये कोरमंगलच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं त्यानिमित्त कार्यक्रमही केला होता. आम्ही गच्चीवरच मीटरभराची काठी रोवली. त्याच दिवशी पुण्यात सासूबाईंनी आपल्या गच्चीवर तेवढ्याच उंचीची काठी उभी केली. पुणं पश्चिमेला, त्यामुळे तिथली मध्यान्ह पंधरा मिनिटं उशिरा. त्यांनी फोनवर सांगितलं, “आहे बाई सावली, दहा सेंटीमीटरला जराशी कमी.”

पुढचं काम थोरल्यानं केलं. कागदावर त्रिकोण काढला, कोन मोजला: सुमारे 5.6 अंश. बावीसशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसनं इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता, तेच गणित. अंतर म्हणून त्यानं आधी गाडीरस्त्याचे 840 किलोमीटर धरले आणि पृथ्वी भलतीच फुगली. मग नकाशावर सरळ दक्षिणोत्तर अंतर मोजलं. ते 615 किलोमीटर भरलं आणि घेर आला साडेएकोणचाळीस हजारांच्या जवळपास. खरा आकडा 40,000. मी हरखून गेले. वर्षाचा याहून देखणा शेवट कुठला? तेवढ्यात तो म्हणाला, “आई, हेही अभ्यासातच धरायचं का?”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, असं विचारावं तसं त्यानं विचारलं होतं. पण त्या प्रश्नानं माझी इतक्या वर्षांची समजूत हलली. घरी शिकवणारे आम्ही पालक अभिमानानं सांगतो की आमच्याकडे आयुष्य आणि अभ्यास असे वेगळे कप्पे नाहीत. भाजी आणताना हिशोब, पोळी लाटताना भूमिती, बसमध्ये कन्नड पाट्या. शाळेत जाणारं मूल दुपारी घरी येतं, म्हणजे तपासणाऱ्या नजरेतून सुटतं. आमच्या मुलांनी सुटून जायचं कुठे? घर हीच शाळा, आई हीच बाई. शाळा घरी आणताना आम्ही त्यांचं घर तर काढून घेतलं नाही ना?

घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी 1977 मध्ये नियतकालिक सुरू करणाऱ्या अमेरिकेच्या जॉन होल्टनं न मागता शिकवण्याच्या सवयीवर बोट ठेवलं होतं. कुणी मागितलं नसताना शिकवू लागलं की मुलाला त्यातून अविश्वासच ऐकू येतो, असं त्याचं म्हणणं. मी ते वाचलं होतं, पटलंही होतं, आणि तरी बसच्या पाट्या वाचायला लावत होते.

त्यामागे भीती असते. लिफ्टमध्ये शेजारी मुलांना विचारतात, “याव स्कूल?” म्हणजे कुठली शाळा? 2009 चा शिक्षणहक्क कायदा पालकांनी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालावं असं म्हणतो, न घालणाऱ्याला शिक्षा मात्र सांगत नाही. त्या फटीत आम्ही राहतो. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देता येते, तोवर आमच्या हाती कुठलाच शिक्का नाही. शिक्का नसलेला माणूस सतत पुरावा गोळा करतो, आणि आमचा पुरावा म्हणजे मुलं. हेही खरं की एकाच्या पगारावर घर चालतं म्हणून ही चैन आम्हाला परवडते. याच शहरात इमारतींच्या बांधकामांवर राबणाऱ्यांच्या मुलांना शाळा म्हणजे सावली आणि दुपारचं जेवण असतं. ती सुटण्याचा आनंद त्यांना कितपत होत असेल, कुणास ठाऊक.

तेव्हापासून आमच्या सुट्टीचा नियम एकच. ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे, असा प्रश्न मे महिन्यात मुलांना विचारायचा नाही. ऐकायला सोपा वाटतो. पहिल्या आठवड्यात कळलं की माझं निम्मं बोलणं बंद झालंय. “हा कुठला पक्षी?” नाही. “आठ आंब्यांचे चौघांत किती?” नाही. उरतात ते खरे प्रश्न: भूक लागली का, माझा चष्मा कुठे दिसला का, तुला कंटाळा आला की काय होतं.

पुण्याला आजी पहिल्यापासून असेच प्रश्न विचारते. तिला कुरडया घालायला हात हवे असतात, गहू आंबवण्याचं शास्त्र कुणाला सांगायचं नसतं. “चीक घट्ट झाला का बघ गं,” असं ती धाकटीला म्हणते तेव्हा तिला खरोखर उत्तर हवं असतं, कारण तिला आता नीट दिसत नाही. धाकटी त्यावेळी जितकी लक्ष देऊन बघते, तितकी माझ्या कुठल्याही वहीत बघत नाही.

13 मेच्या सुमारास सूर्य पुण्याच्या डोक्यावर येतो. आमच्या गच्चीवरून निघालेला तो उत्तरेकडे सरकत तिथे पोचायला जेमतेम तीन आठवडे घेतो. दुपारी साडेबाराला मुलं माजघरात भावंडांबरोबर पत्ते कुटत होती. एक हाक मारली असती तर एराटोस्थेनिसचा दुसरा अंक झाला असता. मी हाक मारली नाही. मुलांनाही तारीख आठवली नाही, आणि सूर्य गेला पुढे.

जूनमध्ये अपूर्णांक सोडले तिथून सुरू होत नाहीत. चार पावलं मागे जावं लागतं, आणि सासूबाई ते बोलून दाखवतात. मी ऐकून घेते. शाळेतल्या मुलांना घर रोज दुपारी परत मिळतं. आमच्या मुलांना ते वर्षातून एकदाच मिळतं, आणि त्यातला एकही दिवस मला परत मागून घ्यायचा नाही.