हंगामी हेडकॅशियर

निवृत्त माणसाला घरात दोनच पदे मिळतात : दूध आणणारा आणि विजेचे बिल भरणारा. ही दोन्ही पदे मी पंचवटीतल्या आमच्या घरी चार वर्षे निष्ठेने सांभाळीत होतो. बढतीची आशा नव्हती. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटांचा भाव गेला, तो माझा वधारला.

बँकांपुढे रांगा लागल्या, आतली माणसे पुरेनात. तेव्हा निवृत्त कर्मचाऱ्यांना तात्पुरते परत बोलवायची टूम निघाली. आमच्या जुन्या शाखेतून फोन आला, "काका, उद्यापासून याल का?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. लगेच हो म्हटले तर आपण रिकामे आहोत हे कळते ना! फोन ठेवला आणि ऑफिसची पँट काढली. पँट होती तशीच होती. मी तसा नव्हतो. हूक पुढे घेता घेता सौ.ने विचारले, "किती दिवसांचं काम?"

"गर्दी ओसरेपर्यंत."

"मग पक्की शिलाई कशाला? टाका घालते नुसता."

छत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची अकरा हेडकॅशियरची. मला वाटले, तिजोरीच्या किल्ल्या हातात पडणार. माझ्या मुलाहून लहान असलेला मॅनेजर म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर टेबलाशी बसा. लोकांना फॉर्म भरून द्या. हंगामी माणसाला कॉम्प्युटरचा पासवर्ड देता येत नाही." नियम बरोबरच होता. बरोबर असलेले नियम जास्त लागतात.

बसलो. माणशी नोटा बदलून मिळायच्या त्या आधी चार हजारांच्या, मग साडेचार, मग दोन. सकाळचा फॉर्म दुसऱ्या दिवशी रद्दी. एका आजींनी विचारले, "नाशिकरोडलाच छापतात ना रे नोटा? मग तिथंच लावते रांग!" १९२८ पासून ज्या गावात नोटा छापतात तिथे नोट का मिळत नाही, याला माझ्या फॉर्मात रकाना नव्हता. १९ तारखेच्या शनिवारी नोटा बदलून मिळाल्या त्या फक्त ज्येष्ठ नागरिकांना. त्या दिवशी शाखेत मी तरुणांत मोडलो.

एका संध्याकाळी हिशेब जुळेना. २७०० रुपये कमी. तूट आली की ती कॅशियरने पदरची भरायची. आणि आमचा कॅशियर लागून वर्षही झाले नव्हते. नोटा मोजायच्या यंत्रातून त्याने रोकड चारदा काढली. आता त्याच्याकडे बघवेना.

"किती म्हणालास? सत्तावीसशे? नवाने भाग जातो. रोकड नको मोजूस. आकड्यांची अदलाबदल झाली असणार. चौदाशे, पंचवीसशे, छत्तीसशे... असल्या स्लिपा काढ."

सातव्या मिनिटाला सापडली. दिले होते ४१००, कॉम्प्युटरात गेले होते १४००. मग चहा आला. चहाबरोबर मी त्याला फुकटचा उपदेशही पाजला : "माणूस कितीही ओळखीचा असो, सही बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत." मॅनेजर त्या रात्रीपुरता मला 'सर' म्हणाला.

२४ नोव्हेंबरला नोटा बदलून देणे थांबले. फॉर्म संपले, त्याबरोबर मीही. मानधन खात्यात जमा झाले; एटीएमचे शटर मात्र खाली. सोमवारी ज्येष्ठांच्या रांगेत दोन तास उभा राहून खिडकीशी पोहोचलो. आत तोच पोरगा. त्याने स्लिप पाहिली, स्क्रीन पाहिला आणि स्लिप परत सरकवली.

"काका, सही जुळत नाही. परत करा."

मागून कुणीतरी ओरडले, "अहो, चला लवकर!" मी सावकाश, नीट सही केली. इतक्या आनंदाने मी कधीच सही केली नव्हती.

घरी आल्यावर सौ.ने विचारले, "टाका उसवू का?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि दुधाची पिशवी घेऊन निघालो.