एका नंबरावर चार नावं

रामाकोना

प्रिय सखे,

तुझं पत्र आलं तेव्हा ओसरीत संत्री निवडत बसले होते. मस्कतमध्ये आपल्याकडच्या चवीची संत्री मिळत नाहीत म्हणतेस. मला खूश करायला लिहिलंस, कळतं मला! इकडची बातमी म्हणजे 2023 पासून आपला जिल्हा पांढुर्णा झाला. मोठ्या दवाखान्यासाठी वाट मात्र अजूनही नागपूरचीच.

कोरोनात सासूबाईंना इतक्या उशिरा का नेलं, विचारलंस. 2020 चा पोळा नुकताच झाला होता. आशाताई दारोदार विचारत फिरत होती. बिचारीला या कामाचे महिन्याला हजार रुपये जास्तीचे! "घरात कोणी बिमार?" सासूबाई पदराआड खोकल्या अन् म्हणाल्या, "कोणी नाही, बाई." आठवडाभर आधी भासऱ्यांना ताप आला, तर लगेच गाडी काढून नागपूर गाठलं होतं. सासूबाईंनी मात्र काढा पिऊन अंगावर काढलं. सोबत कोण येईल, चूल कोण पाहील, पैसे किती लागतील, सगळा हिशेब मनातच केला. दम लागला तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

1918 च्या फ्लूच्या साथीतही आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायाच जास्त गेल्या. बिमारांच्या उशाशी त्याच बसायच्या अन् उरलंसुरलं त्याच खायच्या.

मग लस आली. मे 2021 मध्ये अठरा वर्षांवरच्यांना खुली झाली, पण नोंदणी ऑनलाइन. एका नंबरावर चारच नावं. आमच्याकडे नेटचा मोबाइल एक, ह्यांचा. सासरे, भासरे, हे, धाकटे दीर. झाले चार! भांडण नाही, तंटा नाही. जाऊबाई अन् मी तेव्हा पोळ्या लाटत होतो.

त्यात तो व्हॉट्सअॅपवरचा निरोप: पाळीच्या पाच दिवस आधी, पाच दिवस नंतर लस नको. जाऊबाईनं बोटं मोजली, पाळीचे धरून अर्धा महिना गेला! सरकारनं खोटं म्हणून सांगितलं, पण खुलासा आमच्या गल्लीपर्यंत पोचेस्तोवर जून उजाडला. गरोदर बायांना तर जुलैपर्यंत मुभाच नव्हती. तेव्हा देशात लस घेतलेल्या हजार पुरुषांमागे बाया साधारण 870. जाऊबाई म्हणाली, "राहिलेल्या 130 मध्ये आपण दोघी."

21 जूनला जागेवरच नावं लिहीत होते. मध्यप्रदेशात त्या एका दिवसात 16 लाखांवर लोकांना लस टोचली. आशाताईची हाक आली, आम्ही निघालो. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जा, माझी भाजी चुलीवर आहे."

जाऊबाईनं चुलीतलं लाकूड ओढून पाणी मारलं अन् त्यांचा हात धरला.

तुझीच